नऊ हजारांच्या पुढे

ओइशीबाईंनी मोटरसायकल दुकानासमोर आणून उभी केली तेव्हा मिचिहारु मुराकोशी पोस्टमनच्या गाडीचं मागचं चाक उतरवत बसला होता. नोव्हेंबर लागला होता आणि तेनरयू नदीवरून गार वारा सुटला होता. मान वर न करताच त्याने इंजिनाचा आवाज ऐकला आणि त्याच्या हातातला पाना थांबला. चारशे सीसी, चार सिलिंडर, तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचं यंत्र. असा आवाज हल्ली या खोऱ्यात वर्षाकाठी एकदा कानावर पडला तरी खूप.

ओइशीबाई खालच्या गावातल्या शाळेत गणित शिकवायच्या. वय चौतीस, अंगाने सडपातळ आणि बोलायला सरळ. ही गाडी त्यांनी उन्हाळ्यात एका चहामळेवाल्याच्या गोदामातून बाहेर काढली होती. नवा लाल रंग दिला होता, टायर आणि चेनही नवी घातली होती.

"मुराकोशी-सान, हिचं दुखणं कुणालाच सापडेना," हेल्मेट काढत त्या म्हणाल्या. "शहरातल्या दोन दुकानांत दाखवून झालं. इंजिनाच्या मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत अशी पळते की बघत राहावं. आणि मग संपलं. मूठ कितीही पिळा, काटा पुढे हलत नाही."

"धक्के देते? अडखळते?"

"अजिबात नाही. शांतपणे थांबते. वर्गात एखादं पोर मधेच लिहायचं थांबून खिडकीबाहेर बघायला लागतं ना, तशी."

"टाकी भरलेली असताना वेगळी वागते का?"

"नाही. गार असो, गरम असो, तिसरा गिअर असो की पाचवा, तीच तऱ्हा. वहीत लिहून ठेवलंय मी."

मिचिहारुने हात पुसले आणि गाडीभोवती एक फेरी मारली. डाव्या अंगाला, पाय ठेवायच्या दांडीच्या मागे, इंजिनाच्या झाकणावर वेल्डिंगची एक वाकडीतिकडी शिवण होती. नांगर आणि फावडी सांधणाऱ्या माणसाने घाईघाईत मारलेली. तो उकिडवा बसला आणि त्या शिवणीवरून त्याने बोट फिरवलं.

"काय सापडलं?" बाईंनी विचारलं.

"अजून काही नाही. ठेवून जा. आठवडा लागेल."

बाई बसने गेल्या. मिचिहारुने पुन्हा त्या शिवणीला हात लावला. ती शिवण त्याने स्वतः समोर उभं राहून मारून घेतली होती, विसाव्या वर्षी. गाडी त्याचीच होती.

मिचिहारु नऊ वर्षांचा असताना त्याची आई गेली. वडील डोंगरातून लाकूड वाहणाऱ्या ट्रकवर, आठवड्यातले चार दिवस घराबाहेर. घर उचललं ते फुजिएने. ती त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी होती. शाळा संपताच ती हामामात्सु शहराजवळच्या एका कार्ब्युरेटरच्या कारखान्यात लागली. तयार झालेला प्रत्येक कार्ब्युरेटर हातात घेऊन तपासायचा आणि ठीक असला की झाकणाच्या स्क्रूवर रंगाचा एक ठिपका द्यायचा, हे तिचं काम. दिवसाला तीनशे. प्रत्येक बाईचा रंग वेगळा असायचा, फुजिएचा संत्र्याच्या पानासारखा गडद हिरवा. ती पहाटे उठून त्याच्या डब्यासाठी भाताचे गोळे वळायची आणि त्या गोळ्यांना हलकासा पेट्रोलचा वास यायचा. शाळेतली पोरं चिडवायची, पण त्याने घरी कधी तोंडातून शब्द काढला नाही. पुढे आयुष्यभर पेट्रोलचा वास आला की त्याला भूक लागायची.

विसाव्या वर्षी तो लाकडाच्या वखारीत कामाला होता. दोन वर्षं पैसा पैसा साठवून त्याने ही गाडी घेतली, आणि मग सुगिझावा घाटातले ते रविवार सुरू झाले.

खोऱ्यातली दहा-बारा पोरं सकाळी सहाला घाटाच्या पायथ्याशी जमायची. देवदारांतून धुकं उतरत असायचं, रस्ता ओलसर असायचा. कुणाच्या गाडीतून जळक्या तेलाचा गोड वास यायचा. मग एकामागून एक वर निघायचं. गाडी वळणात आडवी करायची, गुडघा रस्त्याला टेकवायचा, आणि सरळ पट्टा आला की मूठ पूर्ण पिळायची. काटा नऊ, दहा, अकरा हजारांवर चढायचा आणि इंजिनाचा आवाज रडण्यातून गाण्यात जायचा. घाटमाथ्यावर कॉफीचं एक यंत्र होतं. जो पहिला पोहोचेल त्याने स्वतःच्या पैशाने सगळ्यांना कॉफीचे गरम डबे काढून द्यायचे असा नियम होता. त्यामुळे होरिउचीचा खिसा नेहमी रिकामा असायचा. होरिउची त्याचा शाळेपासूनचा दोस्त, गावातल्या तातामी चटया विणणाऱ्याचा मुलगा. हसला की त्याचे डोळे मिटायचे.

पंच्याऐंशी सालच्या ऑगस्टमध्ये त्याच सरळ पट्ट्याच्या शेवटी होरिउची कठड्याला धडकला आणि जागीच गेला.

एकोणपन्नास दिवसांनी, दिवसकार्य उरकल्यावर, मिचिहारुने पुन्हा गाडी बाहेर काढली. फुजिए एवढंच म्हणाली, "इतके दिवस बसून होती, कार्ब्युरेटर चिकटला असेल. शनिवारी मला सुटी आहे, मी साफ करून ठेवते." त्याला बरंच वाटलं. कार्ब्युरेटरच्या बाबतीत खोऱ्यात तिचा हात धरणारं कोण होतं?

त्या रविवारपासून गाडी नऊ हजारांपुढे जाईना.

त्याने काय करायचं बाकी ठेवलं नाही. प्लग बदलले, कॉइल बदलली, जाड पुस्तक विकत आणून व्हॉल्व्हची फट मोजायला शिकला. गावातल्या योकोईकाकांच्या दुकानात गाडी नेली. त्यांनी विचारलं, "कार्ब्युरेटर?" तो म्हणाला, "ताईने बघितलाय." काकांनी हनुवटी खाजवली आणि म्हणाले, "मग तो उघडायचं कारण नाही."

घाटात तो मागे पडायला लागला. तो माथ्यावर पोहोचेपर्यंत बाकीच्यांची कॉफी संपलेली असायची. कुणी म्हणायचं, "आले आजोबा." कुणी म्हणायचं, होरिउचीनंतर याने धसका घेतलाय. त्यालाही हळूहळू तेच वाटायला लागलं. दीड वर्षाने त्याने गाडी एका चहामळेवाल्याच्या मुलाला विकली. त्याच वसंतात योकोईकाकांनी त्याला बोलावून घेतलं. "दीड वर्ष एकाच बिघाडामागे लागणारा पोरगा मी पाहिला नव्हता," ते म्हणाले. "वखारीत काय ओंडके मोजतोस? इकडे ये." काका गेल्यावर दुकान त्याच्याकडे आलं. त्यालाही आता पंधरा वर्षं झाली होती.

गिऱ्हाइकांना तो ही गोष्ट हसत सांगायचा. म्हणायचा, एक बिघाड मला सापडला नाही, म्हणून मी मेकॅनिक झालो.

आणि आता तोच बिघाड त्याच्या दुकानात, नवा लाल रंग लावून उभा होता.

त्याने घाई केली नाही. गाडी नुसतीच मंदावत असेल आणि अडखळत नसेल तर ठिणगीचा दोष सहसा नसतो, हे तो एवढ्या वर्षांत शिकला होता. तरी त्याने ठिणगी तपासली. कडक होती. टाकीचं झाकण सैल करून गाडी पळवली, कारण झाकणाचं भोक बुजलं की पेट्रोल उतरत नाही. काही फरक नाही. पेट्रोलची नळी बाटलीत सोडून मिनिटाला किती उतरतं ते मोजलं. भरपूर. हवेची गाळणी नवी होती, सायलेन्सर मोकळा होता, व्हॉल्व्हच्या फटी बरोबर होत्या. यात तीन दिवस गेले.

उरला कार्ब्युरेटर. चौथ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता त्याच्या लक्षात आलं की आपण त्याला मुद्दामच शेवटी ठेवलं आहे. ठेवायला कारण काही नव्हतं. कार्ब्युरेटर ताईने बघितलाय, हे वाक्य चौतीस वर्षं हातात मुरलं होतं.

त्याने चारही कार्ब्युरेटरांचा जोड बाहेर काढला आणि बाकावर ठेवला. शहरातल्या दुकानांनी खालच्या वाट्या खोलून जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, साफ केलेली दिसत होती. वरच्या काळ्या झाकणांना मात्र कुणी हात लावला नव्हता. त्याने फडक्याने धूळ पुसली. झाकणांच्या स्क्रूंवर खाचेत हिरवा रंग होता. उडालेला, चिरलेला, पण संत्र्याच्या पानाचा हिरवा.

त्याने पहिलं झाकण उघडलं. आत स्प्रिंग, स्प्रिंगखाली रबरी पडदा आणि त्याला जोडलेली सरकती पट्टी. मूठ पिळली की ही पट्टी इंजिनाच्या ओढीने वर सरकते आणि हवेची वाट मोकळी होते. पडदा शाबूत होता. पण स्प्रिंगच्या पोटात बोटाच्या पेरापेक्षा लहान अशी पितळेची एक नळी बसवलेली होती. पट्टी दोन तृतीयांश वर आली की या नळीला टेकणार आणि थांबणार. दोन तृतीयांश वाट म्हणजे नऊ हजार.

त्याने चारही झाकणं उघडली. चार नळ्या. त्याने त्या मोजल्या. चारही एकोणीस मिलिमीटर, केसाचाही फरक नाही. करवतीने हातानेच कापलेल्या, कानशीने कडा घासून गोल केलेल्या. इतकं सुबक काम की त्याच्यातल्या मेकॅनिकला आधी कौतुक वाटलं. बाकीचं सगळं त्यानंतर आलं. त्याने चारही नळ्या फडक्यात गुंडाळून खिशात घातल्या.

दुपारी दुकान बंद करून तो वरच्या घरी गेला. फुजिए घरामागच्या बागेत संत्री उतरवत होती. डोक्याला रुमाल, हातात छोटी कात्री. कारखान्यात कार्ब्युरेटरचा विभाग बंद झाला तेव्हा तिला पॅकिंगला टाकलं होतं. तिथून निवृत्त होऊन तिला चार वर्षं झाली होती. मधल्या काळात तिचं लग्न झालं होतं, उशिरा, एका शांत पोस्टमास्तरशी. तो गेल्यावर ती माहेरच्याच घरात परत राहायला आली होती.

मिचिहारु ओसरीच्या फळीवर बसला आणि त्याने चार नळ्या ओळीने मांडल्या.

फुजिए आली, चष्मा कपाळावरून नाकावर ओढला, नळ्यांकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"एवढी वर्षं लागली होय रे तुला?" ती म्हणाली.

"या तू घातल्यास," एवढंच तो म्हणाला.

"मग काय आपोआप उगवल्या?"

"का घातल्यास ते नाही विचारत. ते कळतं मला. पण सांगितलं का नाहीस, ताई? दीड वर्ष मी त्या गाडीपुढे डोकं फोडत होतो. आणि तू बॅटरी धरून शेजारी उभी असायचीस."

"त्यासाठीच उभी असायचे. तू वरचं झाकण उघडायला घेतलंस तर हात धरायला कुणीतरी जवळ नको?"

त्याला हसू फुटलं आणि त्या हसण्याचाच राग आला. "पोरं मला आजोबा म्हणायची. मला वाटायचं माझ्यातच दम नाही. अजून वाटतं कधीकधी."

फुजिएने हातातली कात्री खाली ठेवली. "म्हटलं तर म्हटलं त्यांनी. होरिउचीच्या आईला स्मशानात मी धरून उभी होते, मिची. ती बाई एवढीशी होती, पण काय भार होता तिचा. या दंडावर. आठवडाभर मला हात उचलता येत नव्हता. आणि तू एकोणपन्नासाव्या दिवशी गाडी पुसायला बसलास. मी काय करायला हवं होतं? हातापाया पडले असते तर तू ऐकलं असतंस?"

"नाही."

"मग झालं तर."

ती आत जाऊन चहा घेऊन आली. दोघं चहा प्याले. खाली नदीच्या पात्रात कुणीतरी बांबू तोडत होतं, त्याचा आवाज राहून राहून येत होता.

"योकोईकाकांना माहीत होतं?" शेवटी त्याने विचारलं.

"दुसऱ्याच दिवशी जाऊन सांगितलं मी. नाहीतर त्यांनी तासाभरात शोधलं असतं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'पोरी, हे काही बरोबर नाही.' मग थोड्या वेळाने म्हणाले, 'कडा घासल्यास ना? नाहीतर स्प्रिंग अडकायची.'"

"म्हाताऱ्याने मला वीस वर्षांत एका शब्दाने सांगितलं नाही."

"तुझ्या लग्नात सांगायला निघाले होते. साके जास्त झाली होती. भाषणाला उभे राहिले तशी मी दंड धरून बाहेर हवेवर नेलं त्यांना. तुझ्या सासरच्यांना वाटलं, काकांना भरून आलं."

मिचिहारु आता खरोखर हसला. फुजिए मात्र हसली नाही. ती एक नळी उचलून बोटांत फिरवत होती.

"एक मात्र माझ्या मनाला लागून राहिलं," ती म्हणाली. "माझा विचार होता वर्षभराने काढून टाकायच्या. तू जरा शांत झालास की शनिवारी 'साफ करते' म्हणायचं आणि काढायच्या. पण ते वर्ष संपलं तरी मला धीर होईना, म्हटलं आणखी एक उन्हाळा जाऊ दे. तेवढ्यात तू गाडी विकून मोकळा झालास. मला तुझा वेग कमी करायचा होता रे. गाडी नव्हती काढून घ्यायची."

त्याने एक संत्रं सोललं आणि अर्धं तिच्यापुढे धरलं. तिने घेतलं.

"आता या नळ्यांचं काय करू?" त्याने विचारलं.

"गाडी कुणाची आहे?"

"ओइशीबाईंची. शाळेतल्या."

"मग तिला विचार. मी तुझी बहीण आहे, तिची नव्हे."

शनिवारी सकाळी त्याने नळ्यांशिवाय कार्ब्युरेटर जोडला आणि गाडी सुगिझावा घाटात काढली. पंचावन्नाव्या वर्षी पाठ एवढी वाकवायची म्हणजे शिक्षाच होती. घाट ओस होता. माथ्यावरचं कॉफीचं यंत्र केव्हाच गेलं होतं आणि तिथे गवत वाढलं होतं. पण देवदार तेच होते आणि वळणं हाताला पाठ होती. तिसऱ्या वळणानंतर होरिउची नेहमी एकदा मागे वळून बघायचा, कोण किती जवळ आहे ते. तिथे आल्यावर मिचिहारुला वाटलं, आता पुढच्या गाडीवरून मान वळेल.

सरळ पट्टा आला. त्याने मूठ पिळली. काटा आठ हजारांवर गेला, नऊवर गेला, आणि तिथे न थांबता पुढे निघाला. साडेनऊ, दहा, अकरा. तो आवाज त्याने चौतीस वर्षांनी ऐकला. डोळ्यांतून पाणी निघालं, ते वाऱ्याचं की कशाचं ते त्यालाही कळलं नाही. तीन सेकंद, फार तर चार. मग समोर कठडा वेगाने जवळ येताना दिसला आणि त्याने मूठ सोडली.

तो रस्त्याच्या कडेला थांबला. विसाव्या वर्षी त्याने मूठ सोडली असती का? कदाचित सोडली असती. कदाचित त्याला शर्यतींत नाव मिळालं असतं, कदाचित त्या कठड्यापाशी दोघांच्या नावाने फुलं ठेवावी लागली असती. कळायला आता काही मार्ग नव्हता. त्याने कठड्यापाशी जाऊन हेल्मेट काढलं, हात जोडले आणि होरिउचीला सांगितलं की गाडीत खोट नव्हती, ताईच्या नळ्या होत्या. नंतर त्याला वाटलं, होरिउची हे ऐकून डोळे मिटेपर्यंत हसला असता.

रविवारी ओइशीबाई आल्या तेव्हा त्याने त्यांना सगळं सांगितलं. गाडी कुणाची होती ते, होरिउचीचं, ताईचं. बाई बाकाला टेकून ऐकत होत्या. मधे एकदाच त्यांनी विचारलं, "नऊ हजारच का? आठ का नाही?"

"आठवर थांबली असती तर मी कार्ब्युरेटर उघडला असता," तो म्हणाला. "नऊपर्यंत ती इतकी छान चालायची की संशय घ्यायला जागाच नव्हती."

"हिशोब पक्का आहे त्यांचा," बाई म्हणाल्या. गणिताच्या बाईने दिलेला हा शेरा त्याने मनात जपून ठेवला, ताईला सांगण्यासाठी. त्याने नळ्या एका पाकिटात घालून त्यांच्यापुढे ठेवल्या. म्हणाला, "गाडी आता मोकळी आहे. परत घालून हव्या असतील तर अर्ध्या तासाचं काम."

बाईंनी पाकीट घेतलं, पण उघडलं नाही. "मोकळीच राहू दे. पण मला त्यांना भेटायचंय. नेता का?"

तो पुढे त्याच्या छोट्या ट्रकमधून आणि मागे बाई गाडीवरून, असे ते वरच्या घरी गेले. फुजिए अंगणात उभी होती. इंजिनाचा आवाज चढावरून जवळ येऊ लागला तशी तिने डोक्यावरचा रुमाल काढून कान मोकळे केले. बाईंनी गाडी थांबवली आणि उतरून कमरेत वाकून नमस्कार केला. फुजिएनेही केला, पण तिचं लक्ष नमस्कारात नव्हतं.

"इंजिन बंद करू नका," ती म्हणाली. "जरा मूठ द्या. हळू. अजून थोडी."

बाईंनी मूठ दिली. फुजिए गाडीच्या उजव्या अंगाला गेली, गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि डोळे मिटून ऐकत राहिली.

"मिची, तिसरा सिलिंडर उपाशी आहे," ती म्हणाली.

"ताई, मी काल चारही सारखे लावलेत. ओढ मोजायचं घड्याळ लावून मोजलेत."

"तुझं घड्याळ तुझ्यापाशी. तिसऱ्याला पेट्रोल कमी पडतंय. स्क्रू अर्धा आटा सैल कर."

"अगं, पण..."

"अर्धा म्हटलं ना. पाव करून बघ आधी, ऐकायचं नसेल तर."

ओइशीबाई मूठ धरून उभ्या होत्या आणि आळीपाळीने दोघांकडे बघत होत्या. मिचिहारुने एक उसासा टाकला, ट्रककडे गेला आणि मागच्या डब्यातून बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढून आणला. परत आला तेव्हा फुजिएने बाईंना ओसरीवर बसवून त्यांच्यापुढे संत्र्यांची टोपली ठेवली होती आणि शाळेत त्या कितवीला शिकवतात ते विचारत होती.